विळीच्या पात्याची सुरी

विळीचा पाट तुटला तेव्हा मी घरात नव्हतो, म्हणजे तो आपोआपच तुटला. सिल्वासाच्या दमट हवेत लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं आणि कुणी वापरलं नाही की एक दिवस उकलतं. संध्याकाळी कारखान्यातून येऊन दिवा लावला, तर ओट्याखाली पाटाच्या दोन फळ्या झालेल्या आणि पातं फरशीवर आडवं पडलेलं. बायकोला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. तिच्यामागे त्या विळीला कुणी हात लावला नव्हता. मी तर ती असतानाही लावला नव्हता.

मी इथल्या एका प्लास्टिक धाग्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. बेअरिंग, पट्टे, नटबोल्ट लोकांना काढून देणं हे माझं काम. ते मशीनमध्ये नेमके कुठे बसतात ते मी फक्त ऐकून आहे. धुळ्याहून आलो तो दोन-चार वर्षांसाठी, आणि राहिलो तो राहिलोच. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. बायको गेल्यापासून जेवणाचा डबा खानावळीतून येतो. खानावळवाला भला माणूस आहे, पण डाळीत गूळ घालतो. खानदेशी माणसाला गोड डाळ म्हणजे रोजची शिक्षा. तक्रार केली की हसून म्हणतो, "काका, आजे तो गोळ ओछो नाख्यो छे." आज म्हणे गूळ कमी घातलाय. मी मुकाट्यानं डबा संपवतो आणि वरून हिरवी मिरची चावतो.

तर निदान भाजी तरी घरी करावी, असं माझ्या मनात आलं होतं आणि नेमका पाट तुटला. मुलगी फोनवर म्हणाली, "पप्पा, बाजारात ढिगानं सुऱ्या मिळतात. एक घेऊन या ना."

"आणि ह्या पात्याचं काय करू?"

"ठेवून द्या कुठेतरी."

ठेवून दिलेल्या वस्तूंचं काय होतं ते मला माहीत आहे. बायकोच्या साड्या मी अशाच ठेवून दिल्यात, आणि त्या कपाटाचं दार मी उघडत नाही. खरं तर तिला असली साठवण मुळीच खपायची नाही. कपाचा कान उडाला की कप बाहेर. भंगारवाल्याची हाक ऐकू आली की मी माझ्या जुन्या रेडिओजवळ जाऊन उभा राहायचो. तिनं हे पातं केव्हाच देऊन टाकलं असतं. पण मला ते रोज हातात यायला हवं होतं. तिची एक तरी वस्तू ह्या घरात वापरात असावी, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून ठरवलं, ह्याची सुरी करायची, आणि आपल्या हातानं करायची. आजवर मी भिंतीत खिळा सरळ ठोकलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये एक फिटर आहे, चोपड्याकडचा. मी त्याला लागेल ते सामान चटकन काढून देतो, त्यामुळे आमचं बरं जमतं. जेवणाच्या सुट्टीत पातं कागदात गुंडाळून त्याच्यापुढे नेलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं.

"आण्णा, हे काय आणलं तुम्ही? याले भंगारमधी टाका ना."

"सुरी करायचीय."

"मी देतो ना करून. पाच मिनिटांचं काम हे."

"मीच करणार. तू फक्त सांग."

तो हसला, पण त्यानं जागा दिली. विळीचं पातं वर जाताना मान वळवतं. ती मान त्यानं मला करवतीनं कापायला लावली. माझा घाम निघाला. मग कापलेलं पातं त्यानं लोखंडी टेबलावर धारेवर उभं धरलं आणि म्हणाला, "बघा." टेबल आणि धार यांच्यामध्ये फट होती. दोन्ही टोकं टेकत होती, मधला भाग वर राहत होता. तिथून पलीकडचा उजेड दिसत होता.

ती खाच मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. इतकी वर्षं बायको भेंडी, गवार, कांदा, बटाटा, जे काय असेल ते त्याच एका जागी आणून दाबत होती आणि लोखंड तिथं झिजत गेलं होतं. मी बोट फिरवलं. अंगठ्याएवढ्या रुंदीचा तो खळगा अगदी गुळगुळीत होता.

"हे पहिले सरळ करून घ्या," फिटर म्हणाला. "नाही तं फळीवर टेकणारच नाही."

"नाही. हे असंच राहील."

"मंग कापसान कशी?"

"ते मी बघेन," मी म्हणालो, जरा चढ्या आवाजातच. तो खांदे उडवून डबा खायला गेला.

पुढचे काही आठवडे जेवणाच्या सुट्टीत मी ग्राइंडरपाशी. फिटरनं एकच गोष्ट बजावून सांगितली होती: पातं तापू द्यायचं नाही, थोडं घासलं की पाण्यात बुडवायचं, निळं पडलं की लोखंडाचं पाणी उतरतं आणि मग धार टिकत नाही. मी ती गोष्ट इमानदारीनं पाळली, फक्त टोकाला पोचल्यावर घाई केली. टोक निळं झालं. फिटरनं नुसतं पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मुठीसाठी खेरडीच्या रस्त्यावरच्या एका सुताराकडून सागाचा तुकडा आणला. तो दोन भागांत चिरून, पात्याच्या शेपटाला दोन्ही बाजूंनी लावून, पितळी तार आरपार ठोकायची होती. भोकं एका रेषेत आली नाहीत. एक बाजू वर, एक खाली. मी कानस घेऊन इतका वेळ घासत बसलो की मूठ शेवटी बारीक झाली, आणि गंमत म्हणजे हातात ती नीट बसली. त्या सुट्ट्यांमध्ये मला बरं वाटायचं. हाताला काम होतं, शेजारी फिटरची बडबड होती, आणि आपण कुणासाठी तरी काहीतरी करतोय असं वाटत होतं. कुणासाठी, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नव्हतो.

सुरी घरी आणली त्या दिवशी बाजारातून भेंडी आणली. ओट्यावर फळी मांडली. पहिली भेंडी कापली, काप बाजूला सारायला गेलो, तर अख्खी भेंडी उचलून आली. मधे खाच असल्यामुळे धार फळीपर्यंत पोचतच नव्हती. प्रत्येक काप खालच्या सालीला चिकटून राहिला होता. दुसरी भेंडी तशीच, तिसरी तशीच. टोकानं कापू म्हटलं तर टोकाचं पाणी मीच उतरवलेलं, ते दोन भेंड्यांत बोथट झालं. विळीवर भाजी धारेवर आणून दाबतात, तिथं खाच असली तरी बिघडत नाही. फळीवर बिघडतं. हे फिटर सांगत होता आणि मी त्याच्यावर ओरडलो होतो. मी त्या भेंड्या हातानं तोडून कढईत टाकल्या. भाजी कुठे कच्ची, कुठे जळकी झाली. ती तशीच खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी डब्यातली गोड डाळ.

पण खाच घासायला हात धजेना. पाती काय, जगात कितीही मिळतील. तिच्या हातानं झिजलेली जागा एवढीच होती. ती घासली की तिचं म्हणून उरलं काय? साड्या तिनं नेसल्या होत्या खऱ्या, पण त्या तिनं केल्या नव्हत्या. ही जागा तिनं केली होती, तिच्याही नकळत. मी अडकलो होतो. सुरी ठेवली तर ती कापत नव्हती, आणि कापती केली तर ती तिची राहत नव्हती.

दिवाळीनंतर मुलगी दोन दिवस येऊन गेली. मी मोठ्या ऐटीत सुरी तिच्यापुढे धरली.

"पप्पा, खाली ठेवा आधी! सुरी हातात देतात का? भांडण होतं."

मी विसरलोच होतो. एकट्या माणसाला ह्या गोष्टी विसरायला होतात. सुरी घ्यायला समोर दुसरं माणूस लागतं. मी ओट्यावर ठेवली, तिनं उचलली. ओट्यावरची भेंडी कापून पाहिली आणि खळखळून हसली. "ही काय माळ करून ठेवलीय!" मग तिनं धारेवर बोट फिरवलं आणि तिचं हसू थांबलं. मला काही सांगावं लागलं नाही.

तिनं फरशीवर वर्तमानपत्र अंथरलं, एक गुडघा वर करून बसली, मूठ पायाखाली दाबून धार वर केली आणि भेंडी त्या खाचेत आणून ओढली. काप टपटप ताटलीत पडले. सगळी भेंडी बघता बघता संपली. मी दारात उभा होतो. आतल्या खोलीत बसून हा आवाज मी आयुष्यभर ऐकला होता, पण तो करताना कुणाला पाहिलं नव्हतं. तिची भाजी उत्तम झाली होती. आम्ही दोघं पोटभर जेवलो.

वापी स्टेशनवर गाडीत बसताना ती म्हणाली, "पप्पा, ती सुरी सरळ करू नका हं. अशीच ठेवा. आईसारखं बसून कापत जा."

"हो," म्हणालो.

मी प्रयत्न केला. खरंच केला. वर्तमानपत्र अंथरलं, बसलो, मूठ पायाखाली धरली. पण धार माझ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि माझे हात कुठे जावेत ते त्यांना कळेना. मूठ सारखी निसटत होती. समोर रिकामी खोली. ह्या खाचेसाठी जे बसणं लागतं ते मला येत नव्हतं. मुलीला येत होतं, ती नाशिकला होती. मला रोज जेवायचं होतं आणि उभ्यानंच कापायचं होतं. मी सुरी कागदात गुंडाळून पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत फिटर डबा खात होता. त्याला न विचारता ग्राइंडर चालू केला. आधी दोन्ही टोकं उतरवायची, मग ती मधल्या खाचेला येऊन मिळतात. मला वाटलं होतं, ह्याला खूप वेळ लागेल. लागला नाही. थोडं घासायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा घासायचं. ह्या वेळी मी घाई केली नाही आणि पातं कुठेही निळं पडलं नाही. टेबलावर उभं धरलं तर फट नव्हती. टोकाची निळाईही घासण्यात निघून गेली होती. फिटर हात धुऊन आला, त्यानं अंगठ्यानं धार तपासली आणि म्हणाला, "आता झाली ना आण्णा सुरी." मी मान हलवली. टेबलावरची काळी भुकटी त्यानं फडक्यानं पुसून टाकली, त्याला पुढचं काम होतं.

घरी येईपर्यंत मी ठीक होतो. फळीवर भेंडी ठेवली, सुरी चालवली, आणि काप सुटे सुटे पडले. तेव्हा मला रडू आलं. ती गेली त्या दिवशी घरात माणसं होती, चहा करायचा होता, फोन करायचे होते. आत्ता फक्त मी होतो आणि भाजी नीट कापली जात होती.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. मी तो कानाशी धरून खांद्यानं दाबला.

"काय करताय पप्पा?"

"भेंडी चिरतोय."

"आईच्या सुरीनं?"

"हो."

"बसून ना?"

मी ओट्यापाशी उभा होतो. फळीवर काप पसरले होते, एकही दुसऱ्याला चिकटलेला नव्हता.

"बसून," मी म्हणालो.

"बघा, जमलं की नाही," ती म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता की मी उरलेली भेंडी फोन ठेवेपर्यंत कापली नाही. सुरीचा फळीवर आवाज होतो.