टिटवीची बटई

माझी बहीण रत्नागिरीला असते. १९९३ च्या फेब्रुवारीत तिचं पत्र आलं. 'सुट्टीत पोरीला पाठव. इथं खाडी आहे, समुद्रपक्षी आहेत, बघायला पुष्कळ आहे.' पत्र वाचून माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलं, "आई, आपल्या परतूरजवळ बघायला काय आहे?"

तिला एवढ्या लांब धाडायची तर माझी छातीच नव्हती. रविवारी तिला घेऊन वाटूरच्या एसटीत बसले आणि फाट्याअलीकडच्या तलावावर उतरले. पोरगी सुटली ती थेट पाण्याकडे.

"थांब! गाळात पाय जाईल! साप असतील!" मी ओरडले.

"बाई, गाळ न्हाई गिळत तिला," टरबुजाच्या वेलांतून कुणीतरी म्हणालं. "तुमच्या आवाजानं पाखरं मात्र उडून राह्यलीत."

ह्या चांगुणाबाई. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, डोक्यावर ओलं फडकं. बहात्तरच्या दुष्काळात हाच तलाव खणायच्या कामावर त्या होत्या. "ह्या बांधाची माती माझ्या डोक्यावरून गेल्ती," असं कुणालाही सांगायच्या. नवरा गेल्यापासून तलावातला एक पट्टा हीच त्यांची शेती. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक टरबुजं, काकड्या लावतात. त्याला गाळपेर म्हणतात. खड्डा करून, त्यात शेणखत घालून बी टाकायचं, ते आळं.

त्यांनी मुलीला हाताला धरून नेलं. चक्रवाकांची जोडी दाखवली, चमच्यासारखी चोच पाण्यात फिरवणारे चमचे पक्षी दाखवले. मग पट्ट्याच्या टोकाला, जिथं वेल नव्हते, तिथं थांबवलं. "खाली बघ. पाय नको टाकू."

बराच वेळ मला खडेच दिसले. मग त्या खड्यांत चार अंडी दिसली, मातीच्याच रंगाची, काळ्या ठिपक्यांची. वर टिटवी कलकलाट करत होती. आमच्या घरी टिटवीचं ओरडणं अशुभ मानत. मी पोरीला मागं ओढलं.

"घाबरू नका," चांगुणाबाई हसल्या. "ती तुम्हाला शाप न्हाई देत. म्हणती, बाजूला व्हा."

पण त्यांचा घोर वेगळाच होता. गाळपेरवाल्यांचा आपसातला नियम होता, की होळीपर्यंत ज्या तुकड्यात आळी नाहीत, तो शेजाऱ्यानं लावायचा. आठ दिवसांनी होळी. आळी खणावीत तर अंडी जाणार, न खणावीत तर पट्ट्याचा सगळ्यात ओला तुकडा शेजारच्या तातेरावाचा होणार.

होळीला सुट्टी होती. पोरीनं हट्टच धरला, म्हणून आम्ही पुन्हा गेलो. कचरूआबा काठी टेकत पट्टे बघत होते. गाळपेरीत सगळ्यात जुने तेच, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. तातेराव मागोमाग चालत होता.

"काकू, हा तुकडा पडीक हाय. का टिटवीच्या नावावर सातबारा केलाय?"

"पडीक? डोळे हायेत का तुला, तात्या? बघ बरं, खड्डा हाय का न्हाई?"

"हाय."

"कडेनं खडे लावलेत?"

"लावलेत."

"मधी चार दाणे टाकलेत. मंग आळं अजून कसं असतंय?"

"ते तुम्ही खणलंय व्हय?"

"मी कशाला खणू? बटईनं दिलाय तुकडा. निम्मं तिचं, निम्मं माझं."

कचरूआबांना हसता हसता ठसका लागला. डोळे पुसून म्हणाले, "बटईदार लई कष्टाची दिसती. एक महिना तिला. पिल्लं निघाली तर तुकडा चांगुणाचा. अंडी वाया गेली तर तात्या, तू लाव."

महिनाभर मला चैन नव्हती. पाणी प्यायला म्हशी तिथूनच जात. चांगुणाबाईंनी अंड्यांभोवती बाभळीच्या फांद्या लावल्या, तर टिटवी दूरच उभी राहिली, आत येईना. तिला आडोसा नको होता. चहूकडचं दिसायला हवं होतं. चूक कळल्याबरोबर त्यांनी फांद्या काढल्या आणि रोज दुपारभर लांब बांधावर बसून स्वतःच म्हशी हाकलल्या.

एप्रिलमधल्या पहिल्या रविवारी गेलो तेव्हा खड्ड्यात अंडी नव्हती. पोरीचा चेहरा उतरला. 'त्यापेक्षा रत्नागिरीला पाठवलं असतं तर बरं झालं असतं,' असंच मला वाटलं.

"गप उभ्या राहा," चांगुणाबाई पुटपुटल्या. "पायाशी बघा."

माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर मातीचं ढेकूळ होतं. ढेकळाला डोळा होता. मग दुसरं दिसलं, वेलाच्या पानाखाली तिसरं. टिटवी ओरडली तशी तिन्ही जागच्या जागी दगड झाली.

"चौथं?" पोरीनं श्वास रोखून विचारलं.

"चौथं माझ्याकडं आलंय!" पलीकडून तातेराव ओरडला. हातात खुरपं धरून तो एका पायावर अवघडून उभा होता. "काकू, दुसरा पाय कुठं टेकू सांगा! का आता माझा पट्टा बी बटईनं गेला?"

"तिलाच इचार," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि होळीपासून कमरेला बांधून ठेवलेलं टरबुजाचं बी सोडून त्या मोकळ्या तुकड्यात पहिलं आळं खणायला बसल्या.