खांद्यावर हात नको

प्रकाश ही छायाचित्रकाराची पहिली आणि शेवटची निष्ठा असते. आमच्या कॅमेरा क्लबच्या माहितीपत्रकावर हे वाक्य सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं, आणि ते खरं आहे असं मी आजही मानतो. क्लबच्या सभा एका मंगल कार्यालयाच्या तळघरात भरत. तिथे एक ट्यूबलाइट होती. ती लुकलुकायची.

गेल्या महिन्यात शेजारचे गृहस्थ निवृत्त झाले. मुलीने त्यांना कॅमेरा घेऊन दिला आहे, आणि रोज संध्याकाळी ते कुंपणापाशी येऊन विचारतात, क्लबात जावं की नाही, फायदे काय, तोटे काय. दोन वर्षं सभासद राहिलेला माणूस त्यांच्या ओळखीत मी एकटाच. विचार करून सांगतो, असं मी म्हणतो. विचार करण्यासारखं त्यात फारसं नाही, पण सांगायला वेळ लागतो आणि कुंपणापाशी डास असतात.

मी क्लबात गेलो तो ताईमुळे. भाऊजी गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो सापडला नाही. तेरवीच्या आदल्या दिवशी आम्ही कपाटं उपसली. लग्नाच्या फोटोत ते चोवीस वर्षांचे होते आणि आधार कार्डावरचा माणूस ते आहेत असं शपथेवर सांगता आलं नसतं. शेवटी बँकेतल्या निरोप समारंभाचा एक ग्रुप फोटो मिळाला. बर्डीवरच्या बाजारातल्या स्टुडिओवाल्याने त्यातून भाऊजी कापून मोठे केले. पण त्यांच्या डाव्या खांद्यावर कोणाचा तरी हात होता. स्टुडिओवाल्याने तो पुसून पाहिला, तर सोबत खांदाही गेला. वेळ नव्हता, म्हणून हात राहिला. आजही हुडकेश्वरच्या त्या घरात, हाराच्या आत, भाऊजींच्या खांद्यावर एका अनोळखी माणसाचा हात आहे. बोटात पुष्कराजाची अंगठी आहे. भेटायला येणारे आधी भाऊजींना नमस्कार करतात आणि मग हा हात कोणाचा असावा यावर बोलतात.

ताई गणिताची शिक्षिका होती. चूक डोळ्यांसमोर टांगलेली असणं तिला सोसत नाही. एकदा चहा गाळताना ती मला म्हणाली, "माझा फोटो वेळेवर काढून ठेव. हसरा नको, रडका नको. मी दिसते तशी. अन् माझ्या खांद्यावर कोणाचा हात नको."

ताई तेव्हा बहात्तरची होती आणि तिच्या हृदयाचं एक ऑपरेशन होऊन गेलं होतं. कामाला मुदत होती, फक्त ती कोणाला ठाऊक नव्हती. कॅमेरा माझ्याकडे होता, पण मी काढलेल्या फोटोंत माणसं ठाण्यात हजेरीला आणल्यासारखी दिसत. वर्तमानपत्रात क्लबची बातमी वाचली आणि मी नाव नोंदवलं. मला एका माणसाचा एक फोटो काढायला शिकायचं होतं. एवढ्यासाठी क्लबात येणारा मी बहुधा पहिलाच.

क्लबचे अध्यक्ष निवृत्त अभियंता होते. धरणाचं काम सांभाळलेला माणूस जशी सभा घेईल तशी ते घेत. दीपप्रज्वलन, स्वागत, शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, प्रमुख पाहुण्यांनी करून दिलेला अध्यक्षांचा परिचय. मागे फ्लेक्स, त्यावर अध्यक्षांचा फोटो, जो हललेला होता. वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत 'पोर्ट्रेट' हा विषय श्रावणात होता. श्रावणात वाघांचे फोटो काढणारे एक डॉक्टर आले आणि पोर्ट्रेट दिवाळीनंतर गेलं. दिवाळीनंतर ते डॉक्टर वाघाच्या पिल्लांचे फोटो घेऊन पुन्हा आले. पहिल्या आठ महिन्यांत मी शाल उलगडून अचूक खांद्यावर टाकायला शिकलो. शालीचं काम नवीन सभासदाकडे असे.

दोन प्रथा मात्र क्लबच्या खास स्वतःच्या होत्या. पहिली कार्ड रिकामं करण्याची. जुन्या फोटोंचा मोह सुटल्याशिवाय नवी नजर येत नाही, असं अध्यक्षांचं मत होतं. त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या सभेत दिवा लागला की सगळ्यांनी उभं राहायचं, कॅमेरे हातात घ्यायचे आणि त्यांच्या इशाऱ्यावर आपापलं कार्ड पुसायचं. तीस माणसं मान खाली घालून एकाच वेळी एक बटण दाबत. दुसरी प्रथा मौन समीक्षेची. आपला फोटो पडद्यावर असताना, आणि त्यानंतर सभा संपेपर्यंत, फोटो काढणाऱ्याने एक अक्षर बोलायचं नाही.

फायद्याचं बोलायचं तर तो दहा मिनिटांचा आहे आणि तो पार्किंगमध्ये झाला. क्लबात एक दंतवैद्य बाई होत्या. माझी अडचण ऐकून त्या स्कूटरवर बसल्याबसल्याच म्हणाल्या की माणसाला खिडकीशेजारी बसवा, घरातले सगळे दिवे बंद करा, आणि त्याच्याशी बोलत राहा, कॅमेऱ्याशी नको. त्यांना उशीर होत होता, त्या निघून गेल्या. पुढे त्या क्लबात दिसल्या नाहीत.

मी पुढच्याच रविवारी सकाळी ताईला खिडकीशेजारी बसवलं. ती चष्मा लावून, हात मांडीवर ठेवून, पेपर तपासायला घ्यावा तशी बसली. मी तिला तिच्या जुन्या मुख्याध्यापकांबद्दल विचारलं. त्यांच्याबद्दल तिचं मत चांगलं नाही, आणि ते सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी टिपलं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिला दाखवलं. तिने चष्मा सावरून बराच वेळ पाहिलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

गणिताच्या बाईंकडून याहून जास्त गुण कोणालाच मिळालेले नाहीत. काम झालं होतं. मोठा करून, चौकट लावून तिच्या हाती द्यायचा, एवढंच उरलं होतं. मी तिथे थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण आठ महिने दुसऱ्यांना शाली घातल्यावर माणसाला वाटतं, आपलंही काही पडद्यावर दिसावं. माझ्याकडे संगणक नाही, म्हणून स्टुडिओवाल्याकडून फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घेतला आणि सभेला गेलो.

ती महिन्याची पहिली सभा होती. दिवा लागला, आम्ही उभे राहिलो, आणि इशारा होताच मीही बटण दाबलं. पेनड्राइव्ह खिशात होताच.

मग ताई पडद्यावर आली. सहा फूट उंचीची ताई पाहून मला वाटलं की आता सगळे गप्प होतील. अध्यक्ष पुढे आले, हातात काठी घेऊन.

"तंत्र ठीक आहे," ते म्हणाले. "पण या चेहऱ्यावर संघर्ष नाही."

मौनात असल्यामुळे मला सांगता आलं नाही की तिने एकटीने तीन नणंदांची लग्नं लावली आहेत आणि सातवी 'ब'ला अपूर्णांक शिकवले आहेत. अध्यक्षांच्या मते चष्मा काढायला हवा होता, पदर डोक्यावर हवा होता, आणि समोर चूल असती तर धुरातून तिरीप आली असती. दुसऱ्या एकांनी खिडकी खटकते असं सांगितलं. तिसऱ्यांना हात नको होते. अध्यक्ष म्हणाले, प्रात्यक्षिकच करून पाहू, आणि क्लबच्या लॅपटॉपवर माझ्या बहिणीला कापू लागले. आधी खिडकी गेली, मग हात, मग कान. प्रत्येक कापाला कोणीतरी 'वा' म्हणत होतं. शेवटी नाक, एक डोळा आणि त्यावरची चष्म्याची एक काच एवढं उरलं, ते काळं-पांढरं करण्यात आलं, आणि टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी ते समाधानाने सेव्ह केलं. माझ्याच पेनड्राइव्हवर, मूळ फोटोच्या जागी.

घरी येऊन कॅमेऱ्यातलं रिकामं कार्ड पाहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी अर्ध्या तासाच्या अंतराने तोच फोटो दोनदा घालवून बसलो आहे. स्टुडिओवाल्याने त्याची प्रत ठेवली नव्हती. ठेवत नसतो, म्हणाला.

यानंतरची चूक मात्र पूर्णपणे माझी. ताई दुसऱ्यांदा बसायला तयार झाली, कुरकुर न करता. आणि मी, सगळं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात घालवलेला, कोणाच्याही प्रस्तावनेवर विश्वास न ठेवणारा माणूस, तिला म्हणालो की चष्मा काढून पाहू का, आणि पदर थोडा डोक्यावर घेतला तर?

तिने चष्मा काढला. तिला दोन हातांपलीकडचं दिसत नाही. "काहून गा," ती माझ्या डावीकडच्या फ्रिजकडे पाहत म्हणाली, "मले लोकांनी ओळखायचं नाही आहे का? जन्मात कधी पदर डोक्यावर घेतला नाही. मेल्यावर कोणासाठी घेऊ?"

मी चष्मा परत दिला आणि खिडकीशी तसंच बसायला सांगितलं. पण ती उठली होती. "दोन पेपर झाले. तिसरा नाही," म्हणाली. शाळेतही तिसरी संधी ती देत नसे.

पुढचे कितीतरी महिने मी तिच्याकडे कॅमेरा नेला की ती स्वयंपाकघरात जायची. मध्ये एकदा तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तीनच दिवस, पण त्या तीन दिवसांत माझ्या डोक्यात एक नाक आणि चष्म्याची एक काच सारखी येत होती. त्याला हार कसा घालणार?

म्हणून हिवाळ्यात क्लबची सहकुटुंब सहल निघाली तेव्हा मी ताईला घेऊन गेलो. सावनेरकडे एका सभासदाचं कपाशीचं शेत होतं. तिला शेत पाहायचं होतं. मला तिला न कळत, सकाळच्या उजेडात, एकदा पकडायचं होतं. सकाळचा उजेड साडेसातपर्यंतच, त्यानंतर कॅमेरा पिशवीतून काढणं हा त्या उजेडाचा अपमान, असं अध्यक्षांनी गाडीत दोनदा सांगितलं. आम्ही पावणेसातला पोचलो. धुकं होतं, बोंडांवर दव होतं, आणि ताई बांधावर उभी राहून रांगा मोजत होती. मी कॅमेरा काढला.

"आधी ग्रुप फोटो," अध्यक्ष म्हणाले. ही क्लबची शिस्त होती. आधी फ्लेक्स, मग फोटो, मग छायाचित्रण.

फ्लेक्स बांधायला बांबू हवे होते. ते आणायला माणूस गेला. प्रमुख पाहुण्यांची गाडी रस्ता चुकली होती, ती येईपर्यंत मधली खुर्ची मोकळी ठेवायची होती. मी दोनदा रांगेतून निसटायला पाहिलं आणि दोनदा मला नावाने परत बोलावलं गेलं. पाहुणे आले तोवर धुकं गेलं होतं. मग प्रश्न आला की फोटो कोणी काढायचा. तीस जणांच्या गळ्यात कॅमेरे होते आणि तीसही जणांना फोटोत यायचं होतं. टायमर लावायचं ठरलं, तर कोणाच्या कॅमेऱ्याला, यावर दोन तट पडले. एका तटाचा कॅमेरा लावला, तर तो फोकस धरेना. दुसऱ्या तटाचा लावला, तर ट्रायपॉड ढेकळात कलला. वडीलधाऱ्या म्हणून ताईला पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. मी मागच्या रांगेत, तिच्या बरोबर पाठीशी, एका ढेकळावर उभा होतो.

आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर कामठीचा होता, पन्नाशीचा. इतका वेळ तो बॉनेटला टेकून हे पाहत होता. शेवटी तो खिशातून मोबाइल काढत पुढे आला.

"मी देऊ का काढून? दुपारी लग्नाचं भाडं आहे माझं."

कोणी हो म्हणायच्या आत त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. अध्यक्षांना काही बोलला नाही, पाहुण्यांनाही नाही. ताईकडे पाहून म्हणाला, "मावशी, चष्मा जरा खाली घ्या, चमकून राहिला." ताईने घेतला. "हसू का?" तिने विचारलं. "काहून? जशा आहात तशाच राहा ना." माझ्या पायाखालचं ढेकूळ फुटलं तेवढ्यात, आणि तो म्हणाला, झालं.

त्यानंतर सगळे कॅमेरे सरसावून शेतात पांगले. ऊन लख्ख पडलं होतं.

फोटो संध्याकाळी क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. त्याखाली अध्यक्षांनी लिहिलं होतं की नोंद म्हणून ठीक, कलाकृती म्हणून नाही. मी तो ताईला पाठवला. तिचा फोन आला. "हा बरोबर आहे," म्हणाली. "यातून मले काढ."

बर्डीवरच्या त्याच स्टुडिओत गेलो. फ्लेक्स गेला, पाहुणे गेले, अध्यक्ष एका कापात गेले. ताई सुरेख आली. पण तिच्या खांद्यावर हात होता. स्टुडिओवाला म्हणाला, पुसून पाहू का, आता मशीन चांगली आहे. मी ताईला फोन करून विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "घरचाच आहे."

पुढच्या महिन्यात मी क्लबात गेलो नाही, आणि कोणी विचारायलाही आलं नाही. शालीचं काम दुसऱ्या नव्या सभासदाकडे गेलं असणार. शेजाऱ्यांना मी आज सांगणार आहे की घरात खिडकी असेल तर क्लबची गरज नाही, आणि त्या ड्रायव्हरचा नंबर देणार आहे.

ताई ठणठणीत आहे. चौकट केलेला फोटो तिने वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला आहे आणि भाऊजींच्या शेजारी, मोजून त्याच उंचीवर, खिळा आधीच ठोकून घेतला आहे. परवा तिने तो कपाटातून बाहेर काढून मला पुन्हा दाखवला. स्टुडिओवाल्याने चांगला मोठा केला आहे. खांद्यावरच्या माझ्या हातात घड्याळ आहे, आणि त्यात पावणेदहा वाजलेले आहेत.