गिरणीत आलेली मावशी

लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाईंची पिठाची गिरणी आहे. भूकंपात घरचे सगळे गेले आणि त्या वसतिगृहात वाढल्या, एवढंच मला ठाऊक. त्यांचा कुणावरच विश्वास नाही. नमस्कार केला तरी त्या आधी मागे वळून बघतात, हा नक्की कुणाला केला म्हणून.

एकदा दळण होईपर्यंत मी शाळेतल्या मुलांसाठी आणलेली कादंबरी वाचत बसले होते. दुष्काळात पोरकी झालेली मुलगी आपलं माणूस शोधत गावोगाव हिंडते, अशी ती गोष्ट. बाईंनी शेवट विचारला.

"मावशी भेटते. पोटाशी धरते तिला," मी म्हणाले.

"लगेच?" त्यांनी गिरणी बंद केली. "मला बी लई मावश्या भेटल्या, म्याडम. रानाच्या कागदावर सही घेतली आन् गेल्या. लेकरांना असलं नगा वाचून दावू."

पुढच्याच आठवड्यात माझ्यासमोर एक म्हातारी गिरणीत आली आणि "मी तुझी मावशी गं," म्हणत रडू लागली. बाईंनी तिला पाणी दिलं, पण हात धरू दिला नाही.

"माजी माय कशी हुती, सांगा."

"गोरीपान हुती गं. जात्यावर ओव्या म्हणायची. तुला कडेवरनं खाली सोडायची न्हाई."

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. म्हातारी थांबली, तशा त्या हळूच म्हणाल्या, "माय काळीसावळी हुती माजी. पर सांगा अजून."