उंचीची गोळी

तुमच्यापैकी कोणी उंचीची गोळी घेतलीय का? माझ्या धाकट्या बहिणीनं, शकूनं, घेतली होती.

आज तिची लेक लडाखची बॅग भरत होती. उंचावरच्या विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. ऐंशीच्या दशकात हिमालयातल्या ट्रेकसाठी मलाही मिळाल्या होत्या. गावी, कोंडाण्याच्या आमच्या घरी मी सांगितलं, "उंचीच्या गोळ्या हायत."

शकूला बुटकी म्हणून नकार येत होते. पुढचं स्थळ यायच्या सकाळी तिनं गुपचूप दोन घेतल्या. त्या गोळ्यांनी लघवी फार होते. पोहे देतादेता ती सारखी मागच्या दारी पळायची. शेवटी पाहुण्यांना तिनं खरं सांगून टाकलं. मुलगा पोट धरून हसला आणि हो म्हणाला.

आज शकू लेकीला म्हणाली, "घे गं. उंची नाय वाढत, पण नवरा मिळतो."