गुरुजींच्या गाठीची पाच चित्रे

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. मॅट्रिकनंतर वडील मला शेतीत घालणार होते. धामणगाव बढे येथील माझ्या गुरुजींनी तीन दिवस ओसरीवर ठिय्या देऊन त्यांना वळवले. पुढे बुलढाण्याच्या एका दवाखान्यात मी प्रयोगशाळेत लागलो, तोही त्यांच्याच पुण्याईने.

तेच गुरुजी एका सकाळी एस.टी.ने आले. मानेला लिंबाएवढी गाठ होती. डॉक्टरांनी तिचा तुकडा काढला. क्षयाची गाठ असेल तर इंजेक्शने होती. कर्करोग निघाला तर आमच्या हाती काहीच नव्हते. अर्धा तुकडा नागपूरला गेला. तिकडचा अहवाल यायला महिना लागे, म्हणून उरलेला मी मागून घेतला.

आमच्याकडे जांभळ्या दिव्याचा सूक्ष्मदर्शक नुकताच आला होता. विशिष्ट रंग दिलेले क्षयजंतू त्याखाली काळोखात बारीक पिवळ्या काड्यांसारखे चमकत. थुंकीच्या पातळ थरात ते सहज दिसत. गाठीचे काप करायचे यंत्र मात्र नव्हते. मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी. कॉलेजात देठांचे काप करायचो, तसा गाजराच्या फटीत तुकडा धरून वस्तरा चालवला. काप जाड निघाले.

जाड कापात सगळेच उजळते. भिंग एका पातळीवर नेमके आणले, तरी वरचा-खालचा उजेड तिच्यात झिरपतो आणि जंतू कुठला, धूसर डाग कुठला, कळत नाही. मग मी एक पातळी पाहून ट्रेसिंग कागदावर काढायची, स्क्रू केसभर फिरवायचा आणि पुढची काढायची, असे केले. पाच कागद झाले. ते एकावर एक ठेवून खिडकीला धरले. तिसऱ्या कागदावर एक बारीक काडी ठळक होती. दुसऱ्यावर आणि चौथ्यावर तीच पुसट, म्हणजे ती नुसता झिरपलेला उजेड नव्हती. आपल्या माणसाला क्षयच असू दे म्हणून मी देवाला हात जोडले.

डॉक्टरांना बोलावून आणले, तोवर त्या जागी काही उरले नव्हते. त्या उजेडात रंग विझत जातो, हे मला ठाऊक होते. चित्रांच्या नादात मीच दिवा त्यावर रोखून ठेवला होता.

“एवढ्यावरून नाही सांगता येणार,” डॉक्टर म्हणाले. बाकीच्या कापांत काही सापडले नाही.

बाहेर बाकावर गुरुजी पेरू खात बसले होते.

“काऊन बे, तोंड उतरलं तुह्यं? गाठ माही हाय का तुही?”

“क्षयच वाटते, गुरुजी. बरे व्हाल तुम्ही.”

“वाटते, का दिसलं?”

मी कागद पुढे केले. “एक काडी दिसली. मंग नाही दिसली.”

“मंग तेवढंच सांग. बेडकाच्या चित्रात न दिसलेलं आतडं काढलं म्हणून छडी खाल्ली होती, इसरला?” ते हसले आणि उरलेला पेरू माझ्या हातात ठेवला.

नागपूरचा अहवाल मीच धामणगावला घेऊन गेलो. क्षय नव्हता. गुरुजींनी तो दोनदा वाचला, घडी घातली.

“मंग ते काडी काय होती?”

“माहीत नाही, गुरुजी.”

वर्गात बरोबर उत्तर आले की हलवायचे, तशी त्यांनी मान हलवली. त्यापेक्षा छडी बरी होती.