एक कार्बन कमी

रसायनशास्त्रात मी हुशार होते. हे नम्रपणे सांगायची माझी इच्छा नाही, कारण पुढे जे झालं ते याच हुशारीच्या तोऱ्यात झालं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घरात कुणी मीठ मागितलं की सोडियम क्लोराइड पुढे सरकवत होते. अब्बा हे कौतुकाने ऐकून घेत. अम्मी म्हणायची, "ते सोडियम राहू दे, आधी कणीक मळ."

शनिवार पेठेत आमचं अत्तराचं दुकान होतं आणि त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला अब्बांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "यात थेंबभरही अल्कोहोल नाही." चंदनाच्या तेलात उतरवलेलं अत्तर ते गिऱ्हाइकाच्या मनगटाला लावत आणि मग मोठ्या दुकानांतल्या सेंटबद्दल दोन तिरके शब्द बोलत. नमाजाला जाताना अत्तर लावणारी आमची गिऱ्हाइकं, त्यांना याच शब्दाची खात्री हवी असायची. अब्बांनी स्वतः दारू कधी प्यायली तर नव्हतीच, पण तिचा वासही जवळून घेतला नव्हता.

मग साथ आली. दुकानं बंद झाली, गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले गेले आणि सॅनिटायझर कुठे मिळेना. अब्बांकडे अत्तराच्या रिकाम्या बाटल्या शेकड्यांनी पडून होत्या. एका सकाळी त्यांनी ओळखीच्या केमिकलवाल्याकडून पाच लिटरचा पांढरा कॅन आणला. त्यात पाणी आणि थोडं ग्लिसरिन मिसळलं, वर गुलाबाचे दोन थेंब टाकले आणि बाटल्या भरून ठेवल्या. गल्लीतल्या घरांना फुकट वाटायचा त्यांचा बेत होता. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काम केल्याचं समाधान दिसत होतं.

जेवताना ते अम्मीला सांगू लागले, "मी त्याला बजावलं. म्हटलं, पिण्याचं अल्कोहोल माझ्या उंबऱ्याच्या आत यायला नको. जे कुणी पीत नाही ते दे. तो म्हणाला, चाचा, मग हे घेऊन जा, हे कुणीच पीत नाही."

माझा घास हातातच राहिला.

जे लोक पितात ते इथेनॉल. त्याच्या रेणूत दोन कार्बन असतात. जे कुणी पीत नाही ते बहुतेक वेळा मिथेनॉल, त्यात एकच कार्बन. दोन्ही पाण्यासारखी दिसतात, दोन्ही हाताला गार लागतात आणि वासही इतका जवळचा की नवख्याला फरक कळत नाही. पण मिथेनॉल पोटात गेलं की शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल करतं. त्याने डोळे जातात. जास्त गेलं तर माणूस जातो. कातडीतूनही ते थोडं आत शिरतं. एका कार्बनच्या फरकाने एवढं होतं, हे वर्गात ऐकताना मला गंमत वाटली होती.

"अब्बा, अजून कुणाला देऊ नका," मी म्हणाले. "मी तपासते."

कॅनवर चिठ्ठी नव्हती आणि केमिकलवाल्याचा फोन लागेना. कॉलेज बंद. पण बारावीला केलेली आयोडोफॉर्म चाचणी मला पाठ होती. आयोडिन घ्यायचं, कॉस्टिक सोडा घालायचा, नमुना टाकून कोमट करायचं. दोन कार्बनचं इथेनॉल असेल तर पिवळा साका येतो आणि दवाखान्यासारखा वास सुटतो. एक कार्बनच्या मिथेनॉलला तो येत नाही. मोरी साफ करायला आणलेला कॉस्टिक सोडा घरात होता आणि औषधांच्या डब्यात टिंक्चर आयोडिन. काचेच्या लहान पेल्यात सगळं मिसळलं आणि पेला गरम पाण्याच्या पातेल्यात धरला.

साका पिवळाधमक आला. वासही तोच.

"इथेनॉलच आहे," मी जाहीर केलं. "खुशाल वाटा."

अब्बांचा चेहरा जरा पडला, कारण ते पिण्यातलंच निघालं होतं. पण दवा म्हणून चालतं, असं स्वतःशीच म्हणत ते पिशवी घेऊन निघाले. पहिली बाटली त्यांनी शेजारच्या वहिनींना दिली. आमची भिंत एक. त्यांचं नऊ महिन्यांचं बाळ नुकतंच रांगायला लागलं होतं आणि त्याच्या काळजीने त्या सारखे हात पुसत होत्या. दाराआडून मला त्यांचा आवाज ऐकू आला, "चाचा, तुम्ही दिलंय म्हणजे शंकाच नको."

दोन तासांनी मी पेला घासायला घेतला. टिंक्चरची बाटली परत डब्यात ठेवताना सहज तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि पुन्हा एकदा वाचली. टिंक्चर म्हणजे अल्कोहोलात, तेही इथेनॉलात, विरघळवलेलं आयोडिन. दोन कार्बन कदाचित माझ्या नमुन्यातले नव्हतेच, माझ्या टिंक्चरमधले होते! पहिल्या वर्षाच्या पोरीलाही कळायला हवं होतं की नमुन्याशिवाय एकदा चाचणी करून बघायची असते. ते मी केलं नव्हतं. मला उत्तर हवं होतं आणि ते पटकन मिळालं म्हणून मी खूश झाले होते.

साध्या नळाच्या पाण्यावर चाचणी केली. पिवळं आलं. म्हणजे माझ्या मघाच्या चाचणीला काडीचाही अर्थ नव्हता.

मग माळ्यावरून शाळेतला विज्ञानाचा जुना खोका खाली ओढला. बटाट्यात स्टार्च आहे का ते बघायला दिलेलं आयोडिन त्यात होतं, पाण्यात केलेलं. बाटलीवर तसं स्पष्ट लिहिलेलं. आता दोन पेले घेतले. एकात अब्बांचा नमुना, दुसऱ्यात दवाखान्यातून पूर्वी आणलेल्या सॅनिटायझरचे चार थेंब. घाईत कॉस्टिकचा थेंब बोटावर पडला आणि चरचरलं. दवाखान्याचा पेला हळूहळू पिवळट गढूळ झाला. अब्बांचा पेला स्वच्छ राहिला. मी पाच मिनिटं थांबले, दहा थांबले, पातेल्यातलं पाणी पुन्हा गरम केलं. तो पेला स्वच्छच राहिला आणि मला रडू फुटलं.

अब्बांना सांगितलं तेव्हा ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती बाटल्या गेल्या?" आणि स्वतःच मोजल्या, "सहा." तोंडावर रुमाल बांधून ते निघाले. मी मागोमाग.

वहिनींनी दार उघडलं तेव्हा बाळ कडेवर होतं. त्याने त्यांची दोन बोटं मुठीत धरून तोंडात घातली होती आणि मन लावून चोखत होतं. बाटली मागे कट्ट्यावर, अर्धी झालेली.

"बोटं काढा आधी त्याच्या तोंडातून," मी जवळजवळ किंचाळले.

अब्बा वहिनींना म्हणाले, "बेटी, चूक माझी आहे. मला भलतंच अल्कोहोल दिलं, मी न विचारता भरलं. हात साबणाने धू, बाळाचं तोंडही पूस, आणि ती बाटली मला दे."

ते माझा दोष स्वतःवर घेत होते आणि मी तो घेऊ देत होते. मग राहवेना. "वहिनी, अब्बांनी मला विचारलं होतं. मी तपासलं आणि चांगलं आहे म्हणून सांगितलं. मी चुकीचं तपासलं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "कॉलेजात हेच शिकवतात वाटतं," एवढंच म्हणाल्या आणि बाळाला घेऊन मोरीकडे धावल्या.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बाळाला तपासलं. आत्ता काही दिसत नाही, म्हणाले, पण याची लक्षणं उशिरा येतात. सारखं झोपायला लागलं, उलटी झाली, धाप लागली तर एक मिनिट न थांबता मोठ्या दवाखान्यात न्या. दोन दिवस डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा.

बाकीच्या पाच घरांतून अब्बांनी बाटल्या परत आणल्या. प्रत्येक दारात तीच वाक्यं म्हणाले. एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं, "अहो, मग अत्तरात तरी नक्की काय असतं?" अब्बांनी त्यांची बाटली पिशवीत टाकली. चाळीस वर्षांत अब्बांनी आपला शब्द खाली पडू दिला नव्हता. तो मी दोन तासांत पाडला.

मी भिंतीशी बसले. दोन दिवस बसले. पलीकडे शांत झालं की मी कान टवकारायचे. झोपलंय का? की गुंगी आली? अम्मीने जेवायला बोलावलं की मी हाताने थांब म्हणायचे. मग ते बाळ ट्यां करून रडायचं आणि माझा जीव भांड्यात पडायचा. पुन्हा शांत झालं की पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी ते तासभर झोपलं, तेव्हा मी कान भिंतीला लावून त्याच्या श्वासाचा आवाज शोधत होते. भिंतीतून श्वास ऐकू येत नाही हे कळत असूनही शोधत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने जो टाहो फोडला तो थांबेचना. दात येत असावेत. सगळी इमारत जागी झाली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी वैतागून ओरडलं, "अहो, त्या पोराला गप्प करा की! माणसांनी झोपायचं का नाही?"

"रडू दे त्याला!" वहिनी आतून त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "रडू दे, हवं तेवढं रडू दे!"