यादीत न लिहिलेलं पाणी
नव्या माठाचा ओला वास आला, की कोपरगावचा तो डायलिसिसचा वॉर्ड आठवतो. नवऱ्याला दिवसाला दोनच पेले पाणी चालायचं. पैशाचे सगळे उपाय संपल्यावर मी बंपर लॉटरीचं तिकीट काढलं आणि सवयीने यादीच करायला बसले: आधी किडनीचं ऑपरेशन, मग लेकीचं कॉलेज, घराचा स्लॅब. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, “आमाला बी एक गाडी लिहा की, ताई! यष्टीनं लई हाल व्हत्यात.” मी हसून गाडी लिहिली. “अहो, तुमचं काय लिहू?” नवरा म्हणाला, “तांब्याभर पाणी. एका दमात.” मी दटावलं, “काहीतरी नीट सांगा.” तिकीट लागलं नाही. पुढच्याच महिन्यात नवरा गेला. आता माठ भरताना वाटतं, त्या सगळ्या यादीत तेवढंच फुकट होतं आणि तेवढंच मी लिहिलं नाही.